हजार वर्षांची वाट

बायबलमधले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या विसाव्या अध्यायातली पहिली सात वचने हा माझ्या या ग्रंथाचा सगळा विषय. एक देवदूत आकाशातून उतरतो, त्याच्या हातात अगाधकूपाची किल्ली आणि मोठा साखळदंड. तो अजगराला, म्हणजे सैतानाला, पकडून बांधतो, कूपात ढकलतो आणि वर शिक्का मारतो. मुदत हजार वर्षांची. मग राजासने मांडली जातात. त्यांवर बसतात ते येशूच्या साक्षीपायी शिरच्छेद झालेले लोक, ज्यांनी श्वापदाला नमन केले नाही, कपाळावर वा हातावर त्याची खूण करून घेतली नाही. ते जिवंत होतात आणि ख्रिस्ताबरोबर हजार वर्षे राज्य करतात. मुदत संपली की सैतान थोड्या काळासाठी सुटतो आणि राष्ट्रांना पुन्हा भुलवतो. पुढे शेवटची लढाई, पांढरे न्यायासन, उघडलेली पुस्तके आणि मग नवे आकाश, नवी पृथ्वी. या सात वचनांत हजार वर्षांचा उल्लेख सहा वेळा येतो. नव्या करारात इतरत्र कुठेही या हजार वर्षांच्या राज्याचे वर्णन नाही.

एवढ्याशा मजकुरावर माणसांनी एकोणीस शतके आपले संसार, शेते आणि कधी जीवही ओवाळून टाकले. कोणी शहर ताब्यात घेतले, कोणी पीक जमिनीतच राहू दिले, कोणी परक्या मुलखात जाऊन मुलींच्या शाळा काढल्या. पुस्तक सगळ्यांच्या हातात एकच होते. एकाच उताऱ्यातून इतक्या वेगळ्या वाटा का फुटल्या, याचा शोध घेताना मी ज्या निष्कर्षाला आलो तो इथेच सांगतो. तारीख कोणती, हा या श्रद्धेतला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत गौण प्रश्न आहे. मोठा प्रश्न पृथ्वीचा आहे. जे अन्यायाने मारले गेले त्यांचा न्याय याच मातीवर होणार की दुसऱ्या कुठल्या लोकी? ही भूमी सावरायची आहे की सोडून जायची आहे? हजार वर्षांबद्दल कोण काय मानतो हे पाहिले, की तो या प्रश्नांना काय उत्तर देतो ते आपोआप कळते.

योहानाने प्रकटीकरण लिहिले तेव्हा तो पात्म बेटावर हद्दपार होता. बहुतेक अभ्यासक हा काळ सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीच्या अखेरीचा, इ.स. ९५ च्या आसपासचा धरतात. बेटासमोरच्या किनाऱ्यावर, आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा शहरांत लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या होत्या. त्याच शहरांत सम्राटपूजेची देवळेही होती. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप घालायला नकार देणे जिवावर बेतू शकत होते. हे ध्यानात घेऊन अठरावा अध्याय वाचावा. बाबेल नगरी कोसळते, म्हणजे रोम कोसळते, आणि व्यापारी रडत बसतात, कारण आता त्यांचा माल घेणार कोण? योहान त्या मालाची यादी देतो. सोने, रुपे, मोती, जांभळी वस्त्रे, रेशीम, हस्तिदंत, संगमरवर, दालचिनी, ऊद, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ, आणि सगळ्यांत शेवटी गुलाम, म्हणजे जिवंत माणसे. यातले हस्तिदंत आणि रेशीम त्याच शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या भडोच बंदरातून रोमच्या बाजारपेठेकडे जात होते. ज्याने ही यादी माणसांवर आणून संपवली, त्याला साम्राज्याचा पाया कशावर उभा आहे ते नेमके दिसत होते. त्याच्या मागे दानीएलाचे पुस्तक उभे आहे, आणि तेही अशाच एका छळाच्या दिवसांत, अंतियोख राजाने यरुशलेमचे मंदिर विटाळले त्या इ.स.पूर्व १६५ च्या सुमारास आजच्या रूपात आले. हे तुडवल्या गेलेल्यांचे वाङ्मय आहे. सुखवस्तू वाचकाला ते भडक वाटते, याचे कारण बरेचसे त्याच्या सुखात आहे.

मराठी वाचकाला इथे कलियुग आणि कल्की आठवणारच. तुलना करायला हरकत नाही, पण दोन फरक विसरू नयेत. युगे फिरत राहतात, कलीनंतर पुन्हा कृतयुग येते. ख्रिस्ती काळ मात्र एका दिशेने जातो आणि एकदाच संपतो. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कलियुगाची मुदत ४,३२,००० वर्षांची सांगितली आहे. तेवढ्या अवकाशात कोणी आपल्या शेताचा निर्णय बदलत नाही. प्रकटीकरण मात्र प्रत्येक पिढीला सांगते की वेळ जवळ आली आहे. ती वेळ आपल्या हयातीत येईल, आपल्या डोळ्यांदेखत येईल, ही अपेक्षा ख्रिस्ती मनात पहिल्या शतकापासून जागी आहे. आमच्या उपासनांमधून ती आजही ऐकू येते.

पहिल्या दोन शतकांतल्या अनेक मोठ्या ख्रिस्ती आचार्यांनी हे राज्य अक्षरशः घेतले. हिरापलीचा अध्यक्ष पपियास सांगे की त्या काळात एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील आणि एकेका मण्यातून रांजण भरतील एवढा रस निघेल. ही कथा आपल्यापर्यंत आली ती ल्यों शहराचा अध्यक्ष इरेनियस याच्यामुळे. ल्योंच्या मंडळीने इ.स. १७७ मध्ये भयंकर छळ सोसला होता, आणि इरेनियस त्या छळातून उरलेल्यांचा मेंढपाळ होता. त्याचा युक्तिवाद मला या सबंध इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो: ज्या सृष्टीत नीतिमानांनी कष्ट आणि मरण सोसले, त्याच सृष्टीत त्यांना त्याचे फळ मिळाले पाहिजे, कारण ती सृष्टीही देवाचीच आहे. मेल्यावर स्वर्गात सुख मिळेल, एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. जिथे रक्त सांडले तिथेच न्याय हवा, असे तो म्हणतो.

मग रोमचा सम्राटच ख्रिस्ती झाला आणि उताऱ्याचा अर्थ पालटला. ऑगस्टीन तरुणपणी स्वतः हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवत असे, पण त्यातल्या मेजवान्यांच्या वर्णनांचा त्याला वीट आला. इ.स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले, त्यानंतर त्याने 'देवाचे नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या विसाव्या भागात तो सांगतो की हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून त्याच्या पुनरागमनापर्यंतचा मंडळीचा सगळा काळ. सैतान आत्ताच बांधलेला आहे, राज्य आत्ताच चालू आहे, आकडा प्रतीकात्मक आहे. या उत्तराने पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला हजारभर वर्षे तारखांच्या गणितातून बरेचसे मुक्त ठेवले, ही मोठी गोष्ट झाली. पण किंमतही मोजावी लागली. राजासनांवर शिरच्छेद झालेले बसले होते, आता तिथे मंडळीचे अधिकारी बसले. ऑगस्टीनचे पांडित्य मी मान्य करतो, तरी मन इरेनियसकडे ओढ घेते.

कॅथलिक चर्च आजही बहुतांशी ऑगस्टीनच्याच बाजूला आहे. ख्रिस्त अंतिम न्यायाआधी दृश्य रूपाने येऊन पृथ्वीवर राज्य करील ही शिकवण, तिच्या सौम्य रूपातसुद्धा, सुरक्षितपणे देता येत नाही, असा निर्णय व्हॅटिकनने १९४४ मध्ये दिला. त्यामुळे वसईतल्या किंवा गोव्यातल्या चर्चमध्ये आगमनकाळाच्या रविवारी प्रभूचे पुनरागमन आणि न्याय यांवर प्रवचन होते, हजार वर्षांवर सहसा होत नाही. त्याच गावात एखाद्या घरी भरणाऱ्या पेंटेकॉस्टल प्रार्थनासभेत मात्र हजार वर्षे, ख्रिस्तविरोधी, श्वापदाची खूण या गोष्टी नेहमीच्या बोलण्यातल्या असतात. दोन्हीकडे माणसे मनापासून प्रार्थना करतात, पण त्यांच्या भविष्याचे नकाशे वेगळे आहेत.

हे नकाशे मुख्यतः तीन आहेत, आणि पुढच्या प्रकरणांत त्यांची नावे वारंवार येतील. ऑगस्टीनच्या वाटेने जाणाऱ्यांना मी प्रतीकवादी म्हणतो. ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षांचे राज्य सुरू होईल असे मानणारे ते पूर्वागमनवादी. सुवार्ता आणि सुधारणा यांच्या बळावर जग हळूहळू सुधारत जाऊन ते हजार वर्षांचे सुवर्णयुग इथे अवतरेल आणि त्याच्या अखेरीस ख्रिस्त येईल असे मानणारे ते उत्तरागमनवादी. पहिल्यांना जगाकडून फारशी आशा नाही आणि फारशी भीतीही नाही. दुसऱ्यांच्या मते जग बिघडतच जाणार. तिसऱ्यांच्या मते ते सुधारणार, आणि सुधारण्याचे काम आपले.

मध्ययुगावरून मी इथे भरभर जातो, कारण त्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. इ.स. १००० मध्ये सगळा युरोप भीतीने थरथरत होता ही कथा बरीचशी पुढच्या काळात रंगवलेली आहे. इटलीतला मठाधिपती योआकीम याने इतिहासाचे पिता, पुत्र आणि आत्मा असे तीन काळ पाडले. तिसरा काळ १२६० च्या सुमारास उजाडेल असे त्याच्या अनुयायांनी मानले, आणि त्या साली लोकांचे जथे स्वतःला चाबकाने फोडून घेत इटलीच्या रस्त्यांवरून फिरले. १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराचा ताबा घेऊन काहींनी तेच नवे यरुशलेम असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी शहर पडले. पुढाऱ्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली होती ते तीन पिंजरे सेंट लॅम्बर्टच्या मनोऱ्यावर आजही आहेत. म्युन्स्टरनंतर प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट पंथांनी हजार वर्षांचा विषय कित्येक पिढ्या जपूनच हाताळला.

मला जिथे थांबायचे आहे ते वर्ष १८१८.

त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टन या खेड्यात विल्यम मिलर नावाचा शेतकरी दोन वर्षांच्या अभ्यासानंतर एका निष्कर्षाला आला. १७८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात जन्मलेला हा माणूस तरुणपणी बायबल न मानणारा होता. देवाने जग निर्माण करून सोडून दिले, असे त्याचे मत. १८१४ मध्ये प्लॅट्सबर्गच्या लढाईत तो कॅप्टन होता. शत्रूचे बळ खूपच जास्त असताना विजय मिळाला आणि त्याच्या मताला तडा गेला. पुढे तो बाप्टिस्ट मंडळीत परतला. जुन्या मित्रांनी विसंगती दाखवून डिवचले, तेव्हा त्याने उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून वाचायला सुरुवात केली. सोबत फक्त शब्दसूची. एक वचन उमगल्याशिवाय तो पुढच्याकडे जात नसे. दानीएलाच्या आठव्या अध्यायात मंदिराच्या शुद्धीपर्यंत २,३०० दिवस सांगितले आहेत. भविष्यवाणीतला दिवस म्हणजे वर्ष, ही रीत त्या काळी रूढ होती. मोजणी त्याने इ.स.पूर्व ४५७ पासून धरली, कारण त्या वर्षी अर्तहशश्त राजाने एज्राला यरुशलेमला जाण्याचे फर्मान दिले. उत्तर आले १८४३ च्या सुमाराचे. म्हणजे पंचवीस वर्षे उरली होती.

हा विक्षिप्तपणा समजू नये. आयझॅक न्यूटनने दानीएल आणि प्रकटीकरणावर हजारो पाने लिहिली आणि जगाचा अंत २०६० च्या आधी येणार नाही असे टिपून ठेवले. रोज नव्या तारखा काढणाऱ्यांना आळा बसावा हा त्याचा हेतू होता. मिलरही आपला निष्कर्ष तेरा वर्षे जाहीरपणे बोलला नाही. जगाला सांग, हा आतला आवाज मात्र थांबेना. १८३१ च्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी त्याने देवाला वचन दिले: कोणी बोलावले तर जाईन. अर्ध्या तासात भाचा दारात हजर. त्यांच्या गावी उद्या उपदेशक नाही, मामांनी येऊन बायबलवर बोलावे. मिलर एक शब्दही न बोलता रागारागाने बाहेर पडला आणि घराजवळच्या मेपलच्या झाडीत गेला. तिथे देवाशी झगडला, आणि परत आला तो जायला तयार होऊन. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

आता त्याच १८१८ सालची दुसरी गोष्ट. गॉर्डन हॉल १७८४ मध्ये, मिलरनंतर दोन वर्षांनी, त्याच पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. १८१३ मध्ये तो मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. १८१८ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूवेल याने मुंबईत लिहिलेली एक पुस्तिका अमेरिकेत छापली गेली. विषय जगाचे ख्रिस्तीकरण. तिच्यातही गणित आहे. सुवार्ता न पोचलेले लोक साठ कोटी, दर वीस हजारांमागे एक मिशनरी, म्हणजे तीस हजार मिशनरी हवेत. एवढे पाठवणे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या आवाक्यात आहे, असा त्यांचा हिशेब.

दोन्ही गणिते एकाच मातीतून आलेली. दोघांनाही हजार वर्षांचे राज्य हवे होते. मिलरच्या मते ते आकाशातून येणार, ठरल्या वेळी, आणि माणसाने फक्त तयार राहायचे. हॉल आणि न्यूवेल ज्या परंपरेत वाढले तिच्यात ते माणसांच्या हातून, देवाच्या बळाने, गावोगाव उभे राहणार होते. त्यांच्या आधीच्या पिढीतला सॅम्युएल हॉपकिन्स हा पाळक गुलामीविरुद्ध बोलणारा. त्याने १७९३ मध्ये हजार वर्षांवर ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला त्या काळात जगणार असलेल्या माणसांना. त्या युगात शेती इतकी सुधारेल की दिवसाला दोन-तीन तासांचे श्रम पुरतील, उरलेला वेळ वाचनाला आणि सत्संगाला, असे त्याने लिहून ठेवले. चार्ल्स फिनीसारखा प्रभावी उपदेशक तर १८३५ मध्ये सांगत होता की मंडळीने आपले कर्तव्य केले तर सुवर्णयुग तीन वर्षांतही येऊ शकेल.

न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना वाटेतच कॉलऱ्याने गेला. तीस हजार मिशनरी काही आले नाहीत. पण १८२४ मध्ये त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका आली, पुढे अहमदनगरला गेली, आणि तिथल्या तिच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. हजार वर्षांच्या राज्याची आशा महाराष्ट्राच्या जमिनीवर कोणत्या रूपात उतरली असे कोणी विचारले, तर मी आधी या शाळांकडे बोट दाखवीन. या आशेत दोष होते. आपला देश, आपली संस्कृती आणि देवाचे राज्य यांची गल्लत हे लोक सहज करत, आणि इथल्या लोकांच्या धर्माबद्दल त्यांनी जे लिहिले त्यातले पुष्कळ आज वाचवत नाही. तरीही वर्गात बसलेल्या त्या मुली खऱ्या होत्या.

मिलरचे पुढे काय झाले ते सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्या लोकांची आजवर फक्त टिंगल झाली आहे. १८३९ मध्ये बॉस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स त्याला भेटला. हाइम्सचे चर्च हे गुलामीविरोधी चळवळीचे ठिकाण होते. त्याने 'साइन्स ऑफ द टाइम्स' हे वृत्तपत्र काढले, प्रचंड तंबू शिवून घेतला, श्वापदांची चित्रे आणि आकडे असलेले तक्ते छापले. १८३३ च्या नोव्हेंबरात झालेला उल्कावर्षाव लोकांच्या मनात ताजा होता, १८३७ च्या आर्थिक पडझडीने अनेकांची घरे गेली होती. अनुयायांचा अंदाज पन्नास हजार ते एक लाख असा केला जातो. मिलरने दिलेली मुदत १८४४ च्या मार्चमध्ये टळली. ऑगस्टमध्ये सॅम्युएल स्नो या उपदेशकाने यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून नवी तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. मिलरने ती मान्य केली ती ऑक्टोबर उजाडल्यावर, अगदी शेवटी.

त्या आठवड्यांत लोकांनी काय केले? जुनी कर्जे फेडली. भांडलेल्या शेजाऱ्यांकडे जाऊन क्षमा मागितली. दुकाने बंद केली. काहींनी पीक काढलेच नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याची गोष्ट मिलरच्या चळवळीतून निघालेल्या ॲडव्हेंटिस्ट परंपरेत आजही सांगतात. त्याने बटाटे जमिनीतच ठेवले. कोणी विचारले तर ते शेत त्याच्या वतीने साक्ष देईल असे तो म्हणे. पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढून बसले, ही जी कथा सर्वत्र छापली गेली तिला पुरावा मिळालेला नाही. बहुतेक जण घरी किंवा सभागृहात एकत्र जमून प्रार्थना करत होते.

मंगळवार मावळला, मध्यरात्र झाली आणि बुधवार उजाडला. पोर्ट गिब्सनचा हायरम एडसन याने पुढे लिहून ठेवले की ते सगळे पहाटेपर्यंत रडत होते, आणि जवळच्या माणसाच्या मृत्यूचे दुःखही या दुःखापुढे काही नव्हते. सकाळी रस्त्यात शेजारी विचारू लागले, अजून इथेच का? काही ठिकाणी जमावाने त्यांच्या सभागृहांची नासधूस केली. मिलर पाच वर्षांनी, १८४९ मध्ये, वाट पाहतच वारला. तारीख चुकल्याचे त्याने मान्य केले. ख्रिस्त येणार हे त्याने कधी सोडले नाही.

ही माणसे मूर्ख नव्हती. ज्या समाजात गुलामांचा बाजार उघडपणे चालत होता, त्या समाजाला लवकरच जाब द्यावा लागेल असे त्यांना वाटले. त्यांच्यात चार्ल्स फिचसारखे गुलामीविरुद्ध लिहिणारे पुष्कळ होते. चूक आकड्यात होती. आणि त्याहून खोल चूक मला अशी दिसते की न्यायाची तहान त्यांनी एका दिवसाच्या हवाली केली. तो दिवस गेला तेव्हा कित्येकांची तहानही त्याच्याबरोबर गेली.

सगळ्यांची नाही. एडसन दुसऱ्या सकाळी मक्याच्या शेतातून जात असता त्याला उमगले की त्या दिवशी काहीतरी घडले होते, पण स्वर्गात: ख्रिस्ताने तिथल्या परमपवित्र स्थानात प्रवेश केला. बाहेरच्याला ही पळवाट वाटेल. पण या विचाराभोवती, एलेन व्हाइट यांच्या प्रभावाखाली, जी छोटी मंडळी जमली तिचे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च झाले. त्यांचा हजार वर्षांचा नकाशाही निराळा आहे: त्या काळात संत स्वर्गात असतील आणि पृथ्वी ओसाड, तिच्यावर सैतान एकटा कैदेत. पृथ्वीबद्दल इतके निराश मत असणाऱ्या या लोकांनी पृथ्वीवर काय केले ते पाहावे. त्यांनी रुग्णालये, शाळा आणि छापखाने काढले. बॅटल क्रीकच्या त्यांच्या आरोग्यधामात जॉन केलॉग आणि त्याच्या भावाने रुग्णांच्या न्याहारीसाठी धान्याचे पोहे करून पाहिले, त्यातून कॉर्नफ्लेक्स आले. पुण्यात औंध रस्त्यावरचे स्पायसर विद्यापीठ (पूर्वीचे स्पायसर कॉलेज) याच मंडळीचे, सॅलिसबरी पार्कमधले ओरिएंटल वॉचमन प्रकाशनगृहही त्यांचेच. या वास्तूंवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांना त्यांचे नाते १८४४ च्या एका मंगळवाराशी आहे याची सहसा कल्पना नसते. शिकवण एक सांगते आणि हात दुसरेच काही करतात, असे या इतिहासात वारंवार घडते. हातांची साक्ष मी जास्त महत्त्वाची मानतो.

महाराष्ट्राचा आणखी एक धागा केडगावचा आहे. १९०५ च्या जूनअखेर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृतीची लाट आली. मुली रात्ररात्र प्रार्थना करू लागल्या. त्या सुमारास जगभर उभ्या राहणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीने अशा घटना योएलाच्या पुस्तकातल्या शेवटल्या पावसाशी जोडल्या. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस पेरणीचा, शेवटला कणसे भरण्याचा, आणि त्यानंतर कापणी. आत्म्याचा शेवटला पाऊस पडू लागला, म्हणजे जगाची कापणी जवळ आली. रमाबाईंची सहकारी मिनी एब्रम्स हिने १९०६ मध्ये या जागृतीवर पुस्तिका लिहिली. ती चिलीत पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमाशी तिचे नाव जोडले गेले. मिशनच्या दैनंदिन व्यवहारात मात्र दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घालणे, शिकवणे, छापखाना आणि माग चालवणे हेच चालू राहिले.

उत्तरागमनवाद्यांची आशा पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत जवळजवळ संपली. जग सुधारत चालले आहे असे १९१८ नंतर कोण म्हणणार? रिकाम्या झालेल्या जागेत जी शिकवण पसरली ती जॉन नेल्सन डार्बी याची. आयर्लंडमधला हा पाळक १८३० च्या दशकापासून सांगत होता की ख्रिस्त आधी आपल्या लोकांना अंतराळात उचलून घेईल, मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट कोसळेल, आणि मग हजार वर्षांचे राज्य यरुशलेमहून चालेल. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायाचा त्याने लावलेला हा अर्थ १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांतून घराघरांत गेला. तळटीप आणि मूळ वचन एकाच पानावर आल्याने अनेक वाचकांना दोन्ही सारखीच पवित्र वाटू लागली. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाले, १९७० मध्ये निघालेले हॅल लिंडसे या अमेरिकन लेखकाचे अंतकाळावरचे पुस्तक लाखोंनी खपले. त्याचे अंदाजही टळले, पण तोवर या नकाशाने अमेरिकेच्या राजकारणात जागा पटकावली होती.

या शिकवणीशी माझा वाद आहे आणि तो मी लपवत नाही. ती मानणारे कित्येक जण प्रेमळ, सेवाभावी आहेत. पण जहाज बुडणारच आहे असे एकदा ठरले, की त्यातल्या भोकांची चिंता कोण करील? पश्चिम आशियातले प्रत्येक युद्ध ही घड्याळाची पुढची टकटक ठरली, की तिथे मरणाऱ्यांसाठी अश्रू उरत नाहीत. बेथलेहेमात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या अरब ख्रिस्ती कुटुंबांना या नकाशात जागाच नाही. जो उतारा शिरच्छेद झालेल्यांना राजासन देण्यासाठी लिहिला गेला, तो अशा रीतीने वाचला जावा याचे मला दुःख होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीत ॲलन बूसाक यांनी प्रकटीकरणावर १९८७ मध्ये जे भाष्य लिहिले त्यात मूळचा सूर पुन्हा ऐकू येतो, कारण ते लिहिणारा पात्मवरच्या कैद्याची स्थिती ओळखून होता.

एक गोष्ट वाचकांनी स्वतः तपासावी. विसाव्या अध्यायात संत राज्य करतात त्या हजार वर्षांत ते आकाशात असतील असे कुठेही म्हटलेले नाही. एकविसाव्या अध्यायात नवे यरुशलेम वरून खाली येते. माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत, देवच आपला तंबू माणसांमध्ये येऊन ठोकतो. बाविसाव्यात नदीकाठच्या झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. राष्ट्रे म्हणजे ती सगळी, ज्यांना सैतानाने भुलवले होते.

पुढील प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे आहे. मिलर आणि हॉल यांना मात्र मी मुद्दाम एकाच प्रकरणात, शेजारी शेजारी ठेवले आहे. व्यक्तींची आणि गावांची बायबलमधली नावे मराठी बायबलप्रमाणे. भविष्यातल्या कोणत्याही तारखेची चर्चा या ग्रंथात नाही. शेवटचे प्रकरण महाराष्ट्रातल्या मंडळ्यांचे आहे: अहमदनगरच्या शाळा, केडगाव, पुण्यातले ॲडव्हेंटिस्ट, वसईची कॅथलिक परंपरा आणि गेल्या काही दशकांत गावोगाव भरू लागलेल्या पेंटेकॉस्टल सभा. ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल. प्रकटीकरणाचे अठरा ते बावीस हे अध्याय तेवढे आधी वाचून घ्यावेत.